फ्रेंच गावाचे उंबरठे

८ ऑक्टोबर १९९५, रविवार

कंपनीने डायरी वाटली. ऑक्टोबर उजाडल्यावर चालू सालची डायरी वाटणारी ही जगातली पहिलीच कंपनी असेल. नऊ महिने कोरे गेले. तरी घेतली. परदेशातल्या या महबूला वस्तीच्या खोलीत माणसांशी बोलण्यापेक्षा कागदाशी बोललेलं बरं. खोलीत आम्ही चौघे आणि तिघांतल्या एकाशीही माझं पटत नाही. पेंटर रूपेश दिवसभर शीळ घालतो. हारून स्वैपाकी प्रत्येक गोष्टीत बटाटा घालतो. आणि अब्बास गवंडी. त्याच्याबद्दलचं एका पानात मावणार नाही.

नवं काम रुमैथियाला. मजीद नावाचा मालक आहे, त्याच्या बंगल्याच्या अंगणात फ्रान्स देशातलं एक गाव उभं करायचं आहे. मी प्रज्वलला, म्हणजे आमच्या साइट इंजिनीयरला विचारलं, "साहेब, अख्खा गाव?"

"एकच गल्ली, काका. पाच घरांचे फ्रंट. दोन घरं आतून पण कम्प्लीट. मागचे डोंगर, शेतं रूपेश भिंतीवर रंगवेल. सुतारकाम तुमचं, दगड अब्बासचाचांचा. डिसेंबर एंडला हॅण्डओव्हर."

माझं सगळं या कामावर आहे, ते इथेच लिहून ठेवतो. ४ फेब्रुवारीला अक्षदाचं लग्न. एकच मुलगी. चार वर्षं मी घर पाहिलेलं नाही, आणि माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे. मालक खूश झाला तर जानेवारीत छुट्टी, नाहीतर नाही, असं प्रज्वलने तोंडावर सांगितलं. तेव्हा ते गाव उभं राहणार म्हणजे राहणार.

१६ ऑक्टोबर, सोमवार

आज फोटो मिळाले, पन्नास-साठ तरी असतील. गाव म्हणजे काय, आमच्या वाडीएवढं. पिवळसर दगडाची घरं एकमेकांना खेटून, निळ्या-करड्या झडपांच्या खिडक्या, मधून उतरत जाणारी गल्ली. खाली ओहोळ आणि त्यावर छप्पर घातलेली धुणं धुवायची जागा, बायकांना गुडघे टेकायला दगड बसवलेले. पलीकडे उंच सरळसोट झाडांची रांग, मग सूर्यफुलांची शेतं, आणि टेकडीवर द्राक्षांचे मळे. एका फोटोत गाढव आहे. नावाची पाटीही आहे, पण ते नाव प्रज्वल एक वाचतो आणि मालक दुसरंच. आम्ही नुसतं 'गाव' म्हणतो.

कशासाठी हा उपद्व्याप, ते अब्बासने सांगितलं. त्याला अरबी येतं ना, त्यामुळे सगळं आधी त्याला कळतं आणि मग तो आम्हाला वाटतो. मालकाची आई, उम्म मजीद, ९० साली उन्हाळ्यात त्या गावी हवापालटाला गेली होती. पंधरा दिवसांसाठी. इकडे इराकी सैन्य शिरलं आणि ती तिथेच अडकली, सात महिने. नवरा इथे होता, तो त्यात गेला. त्या गावाने तिला सांभाळलं म्हणे. आता तिचे पाय नीट चालत नाहीत, प्रवास झेपत नाही, म्हणून मुलगा गावच इथे आणतो आहे.

अब्बास हे सांगत असताना रूपेशचे डोळे भरले. मी फळीला रंधा मारत होतो. ९० साली मीही इथेच होतो. जॉर्डनच्या तंबूत अठरा दिवस काढले. माझ्यासाठी कुणी गाव उभारत नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली चौकट उभी केली. चौकट उभी करताना आमच्यात नारळ फोडतात, गाऱ्हाणं घालतात. इथे कोण विचारतो, पण गाऱ्हाणं घातल्याशिवाय मी दार उभं करत नाही. रूपेशने विचारलं, "मेस्त्री, हय देव खयचो?" प्रश्न बरोबर होता. मग मी देवाचं नाव न घेताच घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या फ्रान्स गावचो जो कोण राखणदार आसशात, तुका आमचो नमस्कार. आज ह्या लेकरांनी तुझ्या गावात दार उभा केल्यानी हा. चूकभूल पदरात घे, कोणाच्या पायाक ठेच लागान देव नको, आणि माका जानेवारीत घराक पोचव."

"होय म्हाराजा!" रूपेश म्हणाला. अब्बासही म्हणाला, आणि रूपेशपेक्षा मोठ्याने. त्याला कुणी बोलावलं होतं? नारळाचा तुकडाही घेतला आणि आपल्या रत्नागिरीकडे असंच करतात म्हणून हसला. मला ते अजिबात आवडलं नाही. धर्माचं काही नाही. माणूसच मला आवडत नाही.

म्हातारी रोज दुपारी काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि त्याच्याशीच बोलते. चहा येतो तो त्याच्यामुळे. तो माती-चुन्याने बरबटलेल्या हातांनी तिला काहीतरी विचारतो, ती हवेत बोट फिरवून दगड कसा होता ते दाखवते, आणि हा लावलेला दगड काढून पुन्हा लावतो. ओळंबा पाच पाच वेळा सोडतो. अशाने डिसेंबर गाठणार कसा?

१९ नोव्हेंबर, रविवार

आज तोंडातोंडी झाली. मी लिहितोय ते खरं लिहितो, तेव्हा आवाज आधी माझा चढला हेही लिहितो.

मी दुसऱ्या चौकटीचा उंबरठा बसवत होतो. साग, तीन इंच उंच, वर हलका गोल. तर हा आला.

"मेस्त्री, म्हातारी काय सांगते ते ऐक. त्या गावात दाराला उंबरठा नव्हता. दगड घासून सपाट झालेला हाय. काठी टेकत ती सरळ आत जायची. तू पहिल्या दाराचा पन काढ."

"माका शिकवू नको. चौकटीक चार लाकडा लागतत. माझ्या बापाशीन तीन लाकडांची चौकट कधी करूक नाय, मी करूचंय नाय."

"अरे, पन फोटोत बघ ना."

"फोटोत दिसना नाय म्हणजे नाय असा नाय. उंबरठो नसलेला घर म्हणजे गुरांचो गोठो."

"म्हातारीचा पाय अडकंल रे."

"घरात रवणारी बाई उंबरठो वलांडूक शिकता. माझी आवस ऐंशी वर्सा वलांडता हा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खांदे पाडले. "तू नाय ऐकनार. बरं. दगडात खाच मी पाडून देतो. निदान लाकूड हलायला नको."

आणि दिली पाडून. खाच सुबक पाडली, ते मी नाकारत नाही. मी जिंकलो. प्रज्वलने चौकटी पाहिल्या, काटकोन बघायला गुण्या लावून पाहिला, म्हणाला, "फिनिश एकदम टॉप, काका." उंबरठ्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे चूक कुणाची होती?

७ डिसेंबर, गुरुवार

विनिताचं पत्र. बायकोने दोन पानांत एकच विचारलं आहे, दहा प्रकारे. "येणार ना?" मुलाकडचे म्हणतात, बाप नसेल तर कन्यादान काका करील. काका म्हणजे माझा भाऊ. सहा वर्षं आम्ही बोलत नाही. तो माझ्या मुलीचा हात दुसऱ्याच्या हातात देणार! पत्र वाचून मी हारूनची आमटी तशीच ठेवली. त्याला वाटलं बटाट्यामुळे. वाटू दे.

पाचपैकी चार चौकटी झाल्या. रूपेशने मागच्या भिंतीवर टेकडी रंगवली, आणि तिच्या पायथ्याशी बोटाएवढा चर्चचा मनोरा. नकाशातून मालकाने तो काढून टाकला होता. आता मालक समोर उभा राहून बराच वेळ पाहत राहिला आणि निघून गेला. मनोरा राहिला.

२८ डिसेंबर, गुरुवार

गाव झालं.

संध्याकाळच्या उन्हात आम्ही गल्लीच्या टोकाला उभे होतो. दगड पिवळा दिसत होता, झडपा निळ्या, आणि मागे रूपेशची झाडं खरोखर हलत असल्यासारखी. मी फ्रान्स पाहिलेला नाही, पाहणारही नाही, पण क्षणभर वाटलं की कोपऱ्यावरून ते फोटोतलं गाढव येईल. पाच दारं, पाच उंबरठे. मी प्रत्येकाला हात लावून नमस्कार केला. अब्बास शेवटच्या उंबरठ्याकडे बघत उभा होता. म्हणाला, "मेस्त्री, अजून वेळ हाय. एका तासात पाची काढू." मी त्याच्याकडे पाठ केली.

रविवारी घरची माणसं म्हातारीला दाखवणार. आम्हाला सोमवारी बोलावलं आहे.

१ जानेवारी १९९६, सोमवार

डायरी काल संपली. नवी डायरी कंपनी ऑक्टोबरात देईल. गेल्या जानेवारीची पानं कोरी आहेत, तिथेच लिहितो.

आज जे पाहिलं त्याने अंगाचा तिळपापड झाला आहे. मालक सकाळी साइटवर आला. थेट दुसऱ्या घराच्या दाराशी गेला, माझ्या उंबरठ्यावर बूट आपटला आणि मोठ्याने काहीतरी विचारलं. चेहरा लाल. हे लोक खूश असले तरी ओरडतात. मी पुढे व्हायच्या आत अब्बास पुढे झाला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "अना. अना." मी, मी! एवढं अरबी मलाही येतं. माझ्या कामावर स्वतःचं नाव सांगितलं! मी तोंड उघडलं तर त्याने मागे न वळता हाताने मला गप्प राहायची खूण केली. प्रज्वल मध्ये उभा, खाली मान. मग दोघांनाही मालकाच्या गाडीत बसवून नेलं. एवढ्या मोठ्या गाडीत, कातडी सीटवर, त्या चुन्याच्या कपड्यांनी.

अशी चोरी मी पाहिली नाही.

२ जानेवारी, मंगळवार

प्रज्वल म्हणतो, पाचही उंबरठे काढा आणि दगड सपाट करा. का, विचारलं. "काका, मॅटर क्लोज आहे. तुम्ही फक्त काढा. घाई नाही, पण नीट काढा. आणि तुमची छुट्टी सेफ आहे, काळजी करू नका."

म्हणजे मालकाचा कान हातात आल्यावर त्याने पहिलं काम हे केलं. माझे उंबरठे उखडवले. जिंकलास, अब्बास.

६ जानेवारी, शनिवार

अब्बास खोलीवर परतलेला नाही. कंपनीच्या फिंतासच्या क्वार्टरमध्ये हलवलंय म्हणे. तिथून समुद्र दिसतो. बढती. त्याची खाट रिकामी आहे आणि हारून रोज त्याच्यासाठी डबा भरून नेतो. मी म्हटलं, "साहेब झालो ना तो? तिथे कोण देईना जेवूक?" हारून माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी काहीतरी घाण बोललो. मग डबा उचलून निघून गेला.

दोन उंबरठे निघाले. लाकूड सहज सुटत नाही. खाच घट्ट आहे.

११ जानेवारी, गुरुवार

आज हारून बोलला. डबा भरताना मी पुन्हा काहीतरी टोमणा मारला, तेव्हा त्याने झाकण आपटलं.

"मेस्त्री, तुमाला खरंच कळला नाय? का कळून घ्यायचा नाय?"

रविवारी म्हातारी आपल्या गावात शिरली. हसत होती म्हणे. गल्लीतून चालत दुसऱ्या घराशी आली, ते घर तिचं, तिथेच सात महिने राहिलेली. पायाखाली न बघता सरळ आत गेली, कारण तिथे अडकायला काही नसतं हे तिला पाठ होतं. माझ्या उंबरठ्याला पाय लागला. खुब्याचं हाड मोडलं. अजून हॉस्पिटलात आहे. मालकाने सोमवारी विचारलं, हे कुणी बसवलं. अब्बासने सांगितलं, मी. मालकाने कंपनीला सांगून त्याचा व्हिसा कॅन्सल केला. २० तारखेच्या विमानाने तो कायमचा परत. पुन्हा या देशात येता येणार नाही.

"प्रज्वलसाहेबाला ठावूक हाय लाकूड कोनाचा. अब्बासभायने हात जोडले, मेस्त्रीचा नाव नको घेऊ म्हनून."

मी जेवलो नाही. आज बटाटा नव्हता.

१२ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. फिंतासला गेलो. तिथून समुद्र दिसत नाही. पत्र्याची खोली, सहा खाटा, अब्बास आपली थापी आणि ओळंबा कापडात गुंडाळत बसलेला. दाराशी मला पाहून त्याचं तोंड वाकडं झालं.

"कशाला आलास?"

"माका कशाक वाचवलंस?"

"तुला? तुझा तोंड बघायला मला आवडत नाय, लवू. तीन वर्षं एका खोलीत काढली, एक दिवस नीट बोलला नाय माझ्याशी." मग थापी बाजूला ठेवून म्हणाला, "तुझ्या पोरीचं लगीन हाय. माझ्या रबियाचं झालं तेवा मी नव्हतो. युद्धाचा साल. पासपोर्ट इकडेच अडकला. निकाहला तिचा चाचा उभा राहिला. पाच वर्षं झाली, फोनवर आली की आईच्या हातात देते. सलाम पन नाय करत. तुझ्या पोरीने काय केलाय? बाप असला निघाला, ह्यात तिचा काय?"

मी समोरच्या खाटेच्या कडेवर बसलो.

"आनि खाच माझ्या हातची हाय. मला ठावूक होता पाय अडकनार, तरी पाडून दिली. तेवा मालकाला खोटा नाय बोललो मी."

"सोमवारी मी प्रज्वलाक सांगतंय. मालकाक पण सांगूया."

तो थांबवील असं मला वाटलं होतं. आता लिहिताना कबूल करतो, थांबवावं अशी इच्छा होती. तो ओळंब्याची दोरी गुंडाळत म्हणाला, "सांग. मी अडवलाय?"

१५ जानेवारी, सोमवार

ऑफिसात गेलो. वाक्य पाठ केलं होतं. साहेब, उंबरठे मी बसवले, अब्बासने नको म्हटलं होतं, मालकाला सांगा. प्रज्वलने मला पाहताच कपाट उघडलं आणि माझा पासपोर्ट टेबलावर ठेवला. "काका, सरप्राईज! २४ ची फ्लाइट. काकूंना कळवा."

पासपोर्टवर हात ठेवला. चार वर्षांनी माझाच फोटो पाहिला.

"साहेब," मी म्हणालो.

"बोला ना."

"रजा किती दिवसांची?"

"पंचेचाळीस."

बाहेर आलो. जिन्यात बसलो. स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या, पण परत वर गेलो नाही. सांगितलं असतं तर पासपोर्ट पुन्हा कपाटात, अक्षदाचं कन्यादान भावाच्या हातात. आणि अब्बासचं कॅन्सल थांबलं असतंच याची खात्री काय? मजीद कुणाचं ऐकत नाही. असं मी जिन्यात बसून म्हणत होतो. मला चांगलं माहीत आहे की मजीद आईचं ऐकतो. पण आई हॉस्पिटलात आहे.

१८ जानेवारी, गुरुवार

आज पाचवा उंबरठा काढत होतो. गल्लीत मी एकटाच. पटाशी लावली होती, तेवढ्यात चाकांचा आवाज आला. म्हातारी घरी आली होती. मोलकरणीने खुर्ची ढकलत गल्लीच्या तोंडाशी आणून थांबवली. पायांवर गोधडी. चेहरा अर्धा झाला होता. ती घरांकडे बघत राहिली, एकेक दार, मग मागची टेकडी, मनोरा. मी पटाशी खाली ठेवून उभा राहिलो.

तिने इकडे तिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "वेन अब्बास?"

अब्बास कुठे आहे.

तिला ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं तिला. ती त्याची वाट बघत होती, गाव कसं झालंय ते त्याच्याशी बोलायला. शनिवारपर्यंत तो फिंतासला आहे, इथून गाडीने अर्धा तास. तिने मुलाला एक शब्द टाकला असता तर कॅन्सल थांबलं असतं. मला अरबी येत नाही ही सबबही चालणार नव्हती, कारण शब्दच लागत नव्हते. पायाशी उंबरठा अर्धा निघालेला होता. त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि मग छातीवर हात ठेवायचा, अब्बासने ठेवला तसा.

हात वर आलाही.

"अब्बास इंडिया," मी म्हणालो. "छुट्टी. बिंत, शादी." मुलीचं लग्न.

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "मबरूक! मबरूक!" म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मोलकरणीला तिने काहीतरी सांगून आत पिटाळलं. ती येईपर्यंत आम्ही दोघेच त्या गल्लीत होतो. अजून वेळ होता. मी खाली बघत उभा राहिलो.

मोलकरणीने एक पांढरं कापड आणलं, मेजावर घालतात तसलं, कडेने बारीक भरतकाम केलेलं, घडीच्या रेषा पिवळ्या पडलेल्या. म्हातारीने ते मांडीवर घेतलं, हाताने सारखं केलं. "फ्रांसा," म्हणाली, आणि दुसऱ्या घराच्या दाराकडे बोट दाखवलं. त्या घरच्या बाईने दिलं असावं तिला, निघताना. मग ते माझ्यापुढे धरलं. "बिंत अब्बास," म्हणाली. अब्बासच्या मुलीला.

मी हात पँटला पुसले, दोन्ही हात पुढे केले आणि ते घेतलं.